काउंट कमी आलाय, जिमवाला म्हणतो आयजीएफ-१ घे. काय करू?

पिंपरीकर_३३:

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, घरी कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे नाव न सांगता विचारतोय.

वय ३३, लग्नाला चार वर्षं, त्यातली दोन वर्षं आमचे प्रयत्न चालू आहेत. बायकोच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल निघाल्या, मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता यांचीपण करून घ्या, तर माझं सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी झाली. शुक्राणूंचा काउंट ११ मिलियन प्रति मिली, हालचाल ३६ टक्के. बाई म्हणाल्या घाबरू नका, अडीच-तीन महिन्यांनी परत करू, तोवर वजन उतरवा.

वजनासाठी जिम लावलं आणि तिथल्या ट्रेनरला बोलता बोलता सगळं सांगून बसलो, चूकच झाली. तो लगेच म्हणाला सर तुमचं आयजीएफ, म्हणजे शरीरातलं वाढीचं एक हॉर्मोन, कमी असणार. त्याच्याकडे बारकी काचेची कुपी असते, तळाला पांढरी पावडर, नाव आयजीएफ-१ एलआर-थ्री, पाण्यात मिसळून इन्सुलिनच्या सुईने रोज पोटावर टोचायचं, चार आठवडे. नऊ हजार. म्हणे हे टेस्टोस्टेरॉन नाही त्यामुळे काउंट पडायचा प्रश्नच नाही, उलट अंडकोषात हेच आयजीएफ शुक्राणू बनवायला लागतं, गुगल करून बघा. मी केलं, आणि खरंच निघालं की! उंदरात आयजीएफ काढून टाकलं की शुक्राणू धडाधड कमी होतात असे पेपर आहेत, एक नाही बरेच. आता बोला.

मग मी स्वतःहून लॅबमध्ये आयजीएफ-१ पण तपासलं. १३८ आलं, बाजूला रेंज ११५ ते ३०७ छापलीये. म्हणजे बसतंय रेंजमध्ये पण तळाशी. ट्रेनर म्हणतो बघा, मी म्हणालो नव्हतो?

पाच हजार अ‍ॅडव्हान्स देऊन झालेत आणि एक कुपी फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे लपवलीये, बायकोला माहीत नाही. अजून टोचलेलं नाही. कुणी घेतलंय का, कुणाला यातलं नीट कळतं का, प्लीज सांगा. उगाच उपदेश नको, माहिती हवीये.

तासगावचा_गडी:

भावा टोचू नकोस, पहिलं सांगतो. आयजीएफ मी नाही घेतलं पण टेस्टोस्टेरॉनचा कोर्स केलाय, असाच एका ट्रेनरच्या नादी लागून, लग्नाच्या आधी. दंड मस्त झाले, फोटो अजून आहेत. लग्नानंतर वर्षभर काही होईना म्हणून तपासलं तर रिपोर्टवर शुक्राणूंच्या रकान्यात सरळ ‘निल’. कमी नाही, निल. लॅबवाल्याने दोनदा विचारलं सॅम्पल नीट गोळा केलं ना म्हणून, मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

डॉक्टरांनी समजावलं की बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, मग तो एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हॉर्मोन्स सोडणं बंद करतो आणि खालचा कारखाना टाळं लावून बसतो. एलएचसारखंच काम करणाऱ्या एचसीजीची इंजेक्शनं घेतली, वाट बघितली, अकरा महिन्यांनी १४ मिलियन दिसले. आता पोरगी दोन वर्षांची आहे. माझं नशीब परत चालू झालं, सगळ्यांचं लगेच होतंच असं नाही असं डॉक्टरच म्हणाले.

तुझा ट्रेनर म्हणतो हे टेस्टो नाही, ते बरोबरच आहे, पण कुपीत नक्की काय आहे हे त्याला तरी माहीत आहे का? त्यावर ‘माणसांसाठी नाही, फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं बघ बारीक अक्षरात. आपलं अवघड जागचं दुखणं आणि आपण दाखवतो कुणाला तर डंबेल मोजणाऱ्याला.

उंदीरवाली_संशोधक:

पिंपरीकर, तुम्ही वाचलेले पेपर खरे आहेत, गोची त्यांच्या अर्थात आहे. मी प्रजनन जीवशास्त्रात पीएचडी करतेय, रोज उंदरांची वृषणं हाताळते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर सोडून द्या.

सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो १९९६ सालचा प्रयोग. ज्या उंदरांत आयजीएफ-१ चं जनुकच नाही त्यातले बरेच जन्मतःच मरतात, जे वाचतात ते नेहमीच्या उंदराच्या जेमतेम ३० टक्के आकाराचे होतात. नरांत शुक्राणूंची निर्मिती १८ टक्क्यांवर आलेली, टेस्टोस्टेरॉनही तेवढंच, १८ टक्के. पिल्लं होत नाहीत. इथवर ट्रेनर खूश. पण त्याच प्रयोगात पुढे या बुटक्या नरांचे शुक्राणू काढून बशीत चांगल्या मादीच्या अंड्यांशी गाठ घालून दिली, तर फलन व्यवस्थित झालं! म्हणजे शुक्राणू कमी होते पण कामाचे होते. संशोधकांचा अंदाज असा की टेस्टोस्टेरॉन इतकं तुटपुंजं की ते नर मादीच्या वाटेलाच जात नसावेत. आणि मुख्य म्हणजे या उंदरांना गर्भात असल्यापासून आयजीएफ मिळालेलं नाही. तुमची गोष्ट तशी नाही ना, तुम्ही पाच-साडेपाच फुटांचे असाल.

आता रक्तातलं आयजीएफ. ते मुख्यतः यकृतात बनतं, ग्रोथ हॉर्मोनच्या हुकमाने, आणि रक्तात मोकळं फिरतच नाही, वाहक प्रथिनं त्याला धरून ठेवतात, अशी सहा प्रकारची प्रथिनं आहेत. वृषणाची चूल मात्र वेगळी. तिथल्या सर्टोली (शुक्राणूंना सांभाळणाऱ्या) आणि लायडिग (टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या) पेशी आपलं आयजीएफ-१ जागेवरच बनवतात आणि शेजारच्या पेशींना देतात. याची परीक्षा १९९९ मध्ये झाली. फक्त यकृतातलं आयजीएफ बंद केलेले उंदीर तयार केले, रक्तातली पातळी तब्बल ७५ टक्के घसरली, तरी उंदीर नेहमीसारखे वाढले आणि त्यांना पिल्लंही झाली. तुमचा १३८ चा आकडा हा त्या यकृताच्या खात्यातला आहे हो, वृषणात काय शिजतंय ते त्यातून दिसत नाही. शिवाय रेंजमध्ये आहे म्हणजे आहे, वयाबरोबर तो उतरतोच.

माणसांतही बघा. इक्वेडोरमध्ये लोहा नावाच्या प्रांतात लॅरॉन सिंड्रोमचे शंभरेक लोक आहेत, त्यांच्यात ग्रोथ हॉर्मोनचा रिसेप्टरच, म्हणजे त्याचा निरोप घेणारा पेशीवरचा रेणूच, बिघडलेला त्यामुळे आयजीएफ-१ अगदी नगण्य, उंची साडेतीन-चार फूट. वयात यायला उशीर होतो, लहानपणी जननेंद्रियं बारीक असतात, पण पुढे त्यांना पोरंबाळं होतात. उलट टोक बघायचं तर अ‍ॅक्रोमेगॅली, ज्यात ट्यूमरमुळे आयजीएफ भरमसाट वाढतं, हातपाय जबडा सगळं मोठं होतं. त्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन बऱ्याचदा कमीच सापडतं कारण तोच ट्यूमर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला दाबून टाकतो. जास्त आयजीएफ म्हणजे जास्त शुक्राणू हे गणित कुठेच बसत नाही.

मग आयजीएफचं वृषणात काम काय? माझ्या मते खरी गंमत इथे आहे आणि ट्रेनर लोक नेमकं हेच सांगत नाहीत. उंदराचं वृषण वालाच्या दाण्याएवढं असतं, चिमट्याने वरचं पांढरं आवरण फाडलं की आतून शेवयांचा गुंता बाहेर येतो. ती प्रत्येक शेवई म्हणजे एक नळी, आणि नळीच्या भिंतीला आतून टेकून सर्टोली पेशी उभ्या असतात, दाया म्हणा ना. वाढणारा शुक्राणू यांच्याच कुशीत असतो. एक दाई ठरावीकच लेकरं सांभाळते, तेव्हा दाया किती यावर कमाल उत्पादन किती ते ठरतं. आणि या दाया वाढतात फक्त गर्भात, जन्मानंतर थोडे दिवस आणि वयात येईपर्यंत. नंतर त्यांचं विभाजन कायमचं बंद. या वाढीसाठी आयजीएफ लागतं. जिनिव्हाच्या गटाने २०१३ मध्ये फक्त सर्टोली पेशींतले इन्सुलिन आणि आयजीएफ-१ या दोघांचे रिसेप्टर काढून टाकले, तर वृषणाचा आकार आणि रोजची शुक्राणू-निर्मिती दोन्ही सुमारे ७५ टक्क्यांनी खाली. दाया जन्माच्या आगेमागेच कमी बनल्या. त्याआधी २००३ मध्ये इन्सुलिनच्या घराण्यातले तिन्ही रिसेप्टर संपूर्ण शरीरातून काढले होते, तेव्हा तर एक्सवाय असलेल्या, म्हणजे नर भ्रूणात वृषणाऐवजी अंडाशय तयार झाले! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मेस मध्ये ताटावर बसून दोनदा वाचलं.

म्हणजे ज्या वयात आयजीएफने पाया घातला जातो ते वय तुमचं केव्हाच गेलं. आता टोचून नवीन दाई येणार नाही. मोठ्या वयात ते लायडिग पेशींना, शुक्राणूंना थोडीफार मदत करतं हे खरंय, वीर्यातही ते सापडतं, पण त्याचं औषध झालेलं नाही. १९९० च्या दशकात काही पुरुषांना ग्रोथ हॉर्मोन देऊन बघण्याचे छोटे प्रयोग झाले, नेहमीच्या उपचारात ते आलं नाही.

कुपीबद्दल. एलआर-थ्री म्हणजे मूळ रेणूत मुद्दाम बदल केलेला, ७० ऐवजी ८३ अमिनो आम्लांचा, वाहक प्रथिनांना चकवून मोकळा फिरावा म्हणून. आम्ही तो पेशी वाढवायच्या द्रवात घालतो. मोकळं आयजीएफ इन्सुलिनसारखी साखर पाडतं. लॅरॉनच्या मुलांसाठी जे अधिकृत आयजीएफ-१ औषध आहे, अमेरिकेत २००५ ला मंजूर झालेलं, ते सुद्धा जेवणाच्या आसपासच द्या असं बजावलेलं असतं. उपाशीपोटी जिममध्ये टोचून तुम्ही ट्रेडमिलवर चढलात तर काय होईल ते बघा.

आता उलट प्रश्न. लहानपणी अंडकोष खाली उतरले नव्हते असं काही? मोठेपणी गालगुंड? तपासणीच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत जोराचा ताप? शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात त्यामुळे जुना ताप आजच्या रिपोर्टात दिसतो. आणि तुम्हाला तपासलंय का कुणी, म्हणजे हाताने, कपडे काढून? नुसत्या रिपोर्टवर नको.

पिंपरीकर_३३:

बापरे, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं, धन्यवाद मॅडम. ताप नाही, गालगुंड नाही. हाताने कुणीच तपासलं नाही, बाई स्त्रीरोगवाल्या आहेत त्या मला कशाला तपासतील. अंडकोषांचं काही आठवत नाही. लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालंय उजव्या बाजूला, जांघेत आडवी खूण आहे, त्याचा काही संबंध?

उंदीरवाली_संशोधक:

आईला फोन करा. हर्नियाच होता का ते नीट विचारा.

वळूवाला_डॉक्टर:

ताईंनी उंदरांचं सांगितलं, मी माझ्या जनावरांचं सांगतो, कारण हेच आम्ही डोळ्यांनी बघतो. मी पशुवैद्यक, नोकरीतली बरीच वर्षं गोठवलेल्या रेतमात्रांच्या केंद्रावर काढली.

आमच्याकडे वळू निवडताना पहिल्यांदा टेप काढतात. वृषण दोन्ही हातांनी खाली ओढून धरायचं आणि जाड भागाभोवती टेप आवळायचा, एकाने शेपटीकडे बघायचं आणि दुसऱ्याने लाथेकडे. वर्ष-सव्वा वर्षाच्या विदेशी जातीच्या वळूला निदान ३० सेंटीमीटर भरायला पाहिजे, दोन वर्षांवर ३४. घेर कमी म्हणजे आतल्या शेवया कमी, रेतमात्रा कमी.

आता आपल्या गोठ्यात काय होतं? कालवड झाली तर पोटभर दूध. गोऱ्हा झाला की दोन सड चोखू दिले की ओढून बाजूला बांधला, दूध डेअरीला. तीन-चार महिन्यांचा होईपर्यंत बिचाऱ्याची हाडं मोजून घ्या. मग दीड वर्षाचा झाल्यावर मालकाला दिसतं की अरे ह्याची पाठ सरळ आहे, उंचीला बरा आहे, ह्याला वळू करू, आणि मग सुरू होतो सरकी पेंड, मका, गूळ, अंडी. अंगाने सुटतो, कातडी चकचकीत होते, टेप लावला तर घेर तोच.

कॅनडात अल्बर्टा प्रांतात यावर नीट काम झालंय. वासरांना साधारण १० ते ३० आठवड्यांच्या वयात भरपूर खायला घातलं तर रक्तातलं आयजीएफ-१ वाढतं, मेंदूकडून एलएचचे झटके जास्त येतात, वयात लवकर येतात आणि मोठेपणी वृषणं मोठी भरतात. गंमत म्हणजे त्या वयात उपाशी ठेवून नंतर खुराक वाढवला तरी तूट भरून निघाली नाही. वर मोठ्या वळूला फार चारलं तर उलटच होतं, पिशवीच्या मानेत चरबी साठते, वृषण शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड राहायला पाहिजे ते राहत नाही आणि वीर्य बिघडतं. पिंपरीकर, तुमच्या डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवा सांगितलं ते उगीच नाही.

उंदरात दिसलं ते असं गोठ्यात पण दिसतं. एक मात्र ताईंना टोकतो, वासरात रक्तातलं आयजीएफ वाढतं ते नुसतं यकृताचं खातं म्हणून सोडून देऊ नका, आमच्याकडे ते वृषणाच्या वाढीशी अगदी जोडीने चालताना दिसतं.

उंदीरवाली_संशोधक:

मान्य डॉक्टर, वाढत्या वयात जोडीने चालतं. पण ते कारण आहे की दोन्ही एकाच चाऱ्यामुळे वाढतायत हे वेगळं करणं अवघड आहे, यावर आमच्या लॅबमध्ये पण चहाच्या वेळी भांडणं होतात. मोठ्या पुरुषाला टोचण्याबद्दल आपलं दुमत नाही ना?

वळूवाला_डॉक्टर:

अजिबात नाही. मी तर वळूलाही टोचणार नाही.

खवय्या_नाशिक:

मध्येच येतो. गाईच्या चिकात आयजीएफ असतं म्हणे, जिममध्ये कोलोस्ट्रमच्या गोळ्या विकतात. मग खरवस खाऊन काउंट वाढेल का? सीरियस प्रश्न आहे, आमच्या गोठ्यात म्हैस व्यायलीये.

वळूवाला_डॉक्टर:

चिकात भरपूर असतं, आणि गाईचं आयजीएफ-१ माणसाच्या आयजीएफ-१ सारखं हुबेहूब, ७० च्या ७० अमिनो आम्लं त्याच क्रमाने. पण ते प्रथिन आहे, मोठ्या माणसाच्या पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून तुकडे होतात. खरवस वेलदोडा-जायफळ घालून खा, चांगला लागतो. आणि आधी वासराला पाजा, पहिल्या दिवशी त्याला त्यातून रोगप्रतिकारशक्ती मिळते, उशीर झाला की आतडं ते घेत नाही.

पिंपरीकर_३३:

दोन आठवड्यांनी येतोय, मंडळी माफ करा.

आईला फोन केला. आधी म्हणाली हर्नियाच होता, मग गप्प झाली, मग म्हणाली, अरे उजवी गोटी वर राहिली होती, तू पाच वर्षांचा होतास तेव्हा तालुक्याला नेऊन खाली आणली, तुझे बाबा म्हणाले होते पोराला कशाला सांगायचं. म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी ती खूण हर्नियाची म्हणून सगळ्यांना सांगतोय.

मग पुरुषांच्या वंध्यत्वाचे डॉक्टर शोधले. त्यांनी हाताने तपासलं, उजवं बारीक आहे, डावं चांगलं आहे. दुसरा रिपोर्ट १३ मिलियन, हालचाल ४१. म्हणाले १६ आणि ४२ या हल्लीच्या खालच्या मर्यादा आहेत, तुम्ही दाराशीच आहात, एक बाजू चांगली असली की बहुतेकांना मूल होतं, सहा महिने नैसर्गिक बघू नाहीतर आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडायचं. बायकोला सगळं सांगितलं, कुपीसकट. ती दोन दिवस बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी डबा करून दिला.

मॅडम, हे वर राहणं पण आयजीएफमुळेच का?

उंदीरवाली_संशोधक:

छान झालं, तपासणी झाली ते. नाही, त्याचा मामला थोडा वेगळा. लायडिग पेशी इन्सुलिनच्याच घराण्यातला पण आयजीएफ नसलेला एक रेणू सोडतात, आयएनएसएल-३, तो वृषणाला खाली ओढणारी दोरी जाड करतो. १९९९ मध्ये हे जनुक काढलेल्या उंदरांत दोन्ही वृषणं पोटातच राहिली. पण माणसांत फार थोड्यांमध्येच या जनुकाचा दोष सापडतो, बाकीच्यांत कारण हाती लागत नाही, तेव्हा या रेणूंच्या घराण्याला दोष देऊ नका. आता हे ऑपरेशन वर्ष-दीड वर्षाच्या आत करतात, कारण वर उष्णतेत राहिलं की शुक्राणूंच्या मूळ पेशी कमी होत जातात. तुमच्या वेळी पाचव्या वर्षी होणं यात नवल काही नाही. मुलगा झाला तर जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञाला दोन्ही खाली आहेत का ते बघायला सांगा, एवढं लक्षात ठेवा.

तासगावचा_गडी:

भारी झालं भावा. पाच हजारांचं काय?

पिंपरीकर_३३:

देत नाहीये. म्हणतो सर काउंटसाठी नको तर मसलसाठी वापरा.

उंदीरवाली_संशोधक:

आधी ती कुपी लोणच्याच्या मागून काढा.